इंटरप्ट दोष, स्टोरेज कंट्रोलरचे (लिनक्स कर्नल)

काम संपल्याची कंट्रोलरने दिलेली सूचना कर्नलपर्यंत न पोचणे, किंवा प्रोसेसरला दुसरे काही सुचू नये इतक्या वेळा ती येत राहणे, असे या दोषांचे दोन मुख्य प्रकार.

सामायिक लाइन : जुन्या पीसीत ८२५९ चिपांच्या जोडीमुळे १५ लाइनी मिळत, १४ व १५ आयडीई डिस्कांकडे असत. पीसीआय आल्यावर अनेक कार्डे एकाच लाइनवर बसू लागली आणि बहुतेक जुन्या तक्रारींचे मूळ तिथे आहे. उपकरणाच्या स्टेटस रजिस्टरमधली खूण ड्रायव्हरने पुसेपर्यंत ही लाइन चढलेलीच राहते. खूण कोणीच पुसली नाही, तर इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. लिनक्स दर १,००,००० इंटरप्टांमागे हिशेब करतो; त्यांतले ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' असे नोंदवून लाइन बंद करतो. दोष यूएसबी कंट्रोलरचा असला, तरी त्याच लाइनवरची डिस्कही त्यात सापडते. बंद लाइन कर्नल पुढे सेकंदाला सुमारे १० वेळा स्वतः तपासतो. त्यामुळे यंत्र थांबत नाही, नुसते रखडते, आणि चांगली डिस्क उगाच बदलली जाते.

हरवलेला इंटरप्ट : एनव्हीएमई ड्रायव्हर सर्वसाधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो. मग कम्प्लिशन क्यू उघडून पाहता उत्तर तिथे आधीच पडलेले असेल, तर लॉगमध्ये 'कम्प्लिशन पोल्ड' असे उमटते. निदानाला याहून उपयोगी ओळ क्वचितच मिळते: डिस्कने काम केले आहे, सूचना तेवढी पोचलेली नाही.

निदान : डिस्कवर भार असताना '/प्रॉक/इंटरप्ट्स' ही फाइल थोड्या अंतराने दोनदा वाचावी. आकडे प्रोसेसरनिहाय असतात. ओळीच्या शेवटी एकाहून अधिक ड्रायव्हरांची नावे असतील, तर लाइन सामायिक आहे. लाइनीऐवजी संदेशाने इंटरप्ट देणाऱ्या एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला २,०४८ पर्यंत व्हेक्टर मिळू शकतात (एमएसआयमध्ये ३२), म्हणून एनव्हीएमईच्या क्यूंना सहसा स्वतंत्र ओळी असतात आणि नेमकी कोणती अडली ते कळते. बूट करताना 'पीसीआय=नोएमएसआय' देऊन एमएसआय बंद केल्याने दोष गेला, तर संशय मदरबोर्ड, ब्रिज किंवा फर्मवेअरवर जातो. बेवारस इंटरप्टसाठी सगळे हँडलर तपासायला लावणारा 'आयआरक्यूपोल' हा बूट-पर्याय कायम ठेवावा का, याविषयी एकमत नाही. त्याने प्रोसेसरवरचा बोजा वाढतो.

फ्रीबीएसडी : तिथे इंटरप्टांच्या आकड्यांसाठी 'व्हीएमस्टॅट -आय'.