मुक्काम आणि वस्ती : लॉस एंजेलिसच्या डोंगरातील मोकळ्या तंबूचा इतिहास

(दीर्घ धागा)

१/ लॉस एंजेलिस महानगराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वताची भिंत उभी आहे. या पर्वतावर सुमारे ७ लाख एकरांचे एंजेलिस राष्ट्रीय वन पसरलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत एक जुनी मुभा आहे. आखून दिलेली छावणीस्थळे सोडून, नियमांत बसेल अशा मोकळ्या जागी तंबू ठोकावा आणि रात्र काढावी. तिथे नळ नाही, शौचकूप नाही, बाकडे नाही, कचरापेटीही नाही. पाणी सोबत न्यायचे, विष्ठा खड्डा खणून पुरायची, कचरा परत आणायचा. सरकारी भाषेत याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. आपण ‘विखुरलेला मुक्काम’ म्हणू.

२/ ही मुभा अनादि वाटते. माणूस रानात पूर्वीपासून असाच राहत आला, असे आपण सहज गृहीत धरतो. पण ‘विखुरलेला’ हा शब्द ‘एकवटलेला’ असे काही अस्तित्वात आल्यावाचून सुचत नाही. तो केव्हा आणि का सुचला, हा या धाग्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : या रानात मुक्कामाला मोकळीक मिळाली, पण वस्तीला का मिळाली नाही?

३/ सुरुवात वस्तीपासूनच करू. सॅन गॅब्रिएलचा पायथा आणि त्याची खोरी ही टोंग्वा लोकांची भूमी. ओकची फळे वेचणे, शिकार करणे, ऋतुमानाप्रमाणे डोंगरात वर-खाली जाणे आणि ठरावीक काळाने गवत-झुडपे जाळून जमीन मोकळी करणे हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. त्यांच्या लेखी मुक्काम आणि वस्ती यांत आजच्यासारखी रेघ नव्हती. हंगामी तळ हाही घराचाच एक भाग होता.

४/ १७७१ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी इथे सॅन गॅब्रिएल मिशन स्थापन केले आणि टोंग्वांना त्याच्या शिस्तीत ओढले. १७९३ मध्ये गव्हर्नर होसे होआकिन दे अरिलागा याने मूळ रहिवाशांनी रान जाळण्यावर बंदी घातली. पुढे कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेल्यावर तिथल्या जमातींशी १८ तह झाले. १८५२ मध्ये अमेरिकी सिनेटने त्यांपैकी एकालाही मान्यता दिली नाही. टोंग्वांना संघराज्याची मान्यता आजही नाही. वन ‘मोकळे’ झाले ते या पार्श्वभूमीवर.

५/ मग ते राखीव का झाले? सौंदर्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. पायथ्याच्या संत्र्यांच्या बागा आणि वाढते शहर डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर जगत होते. वर रान जळाले की खाली पूर आणि गाळ येई. कॅलिफोर्नियाच्या वनमंडळाचा अध्यक्ष ॲबट किनी याने संरक्षणाचा आग्रह धरला. १८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना वने राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला होता. त्यानुसार २० डिसेंबर १८९२ रोजी बेंजामिन हॅरिसन यांनी सॅन गॅब्रिएल राखीव वन घोषित केले. कॅलिफोर्नियातले ते पहिले. १९०८ पासून त्याचे नाव एंजेलिस राष्ट्रीय वन.

६/ इथे एक धागा थेट हिंदुस्थानापर्यंत येतो. १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो. १८८९ मध्ये येल विद्यापीठातून बाहेर पडून ते वनशास्त्र शिकण्यासाठी युरोपात गेले. तिथे त्यांना मार्गदर्शक लाभले डीट्रिख ब्रँडिस. हे ब्रँडिस म्हणजे १८६४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानातल्या वनकारभाराचा अनुभव अशा रीतीने अमेरिकी वनसेवेच्या संस्थापकापर्यंत पोहोचला.

७/ राखीव वनाची झळ महाराष्ट्राने आधीच सोसली होती. १८७८ च्या वनकायद्याविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने आवाज उठवला. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळणाऱ्या सरकारी जंगलखात्यावर टीका केली. राखीव या शब्दाचा अर्थ आपल्या शेतकऱ्याला आणि डोंगरातल्या आदिवासीला एकच कळला होता : आजपासून इथे पाय ठेवायचा तर विचारून.

८/ अमेरिकेत मात्र एक फरक झाला आणि विखुरलेल्या मुक्कामाचे मूळ त्या फरकात आहे. १८९७ च्या कायद्याने राखीव वने पाणी आणि लाकूड यांसाठी असल्याचे सांगितले, परंतु नियम पाळून कोणत्याही योग्य व कायदेशीर कारणासाठी तिथे प्रवेश करण्याची मोकळीकही स्पष्ट शब्दांत ठेवली. पश्चिमेतले खाणवाले आणि पशुपालक राजकीयदृष्ट्या प्रबळ होते. त्यांना डावलून कायदा होणे शक्य नव्हते. म्हणजे शनिवारी तंबू घेऊन जाणाऱ्या शहरी माणसाचा हक्क हा मुळात खनिज शोधणाऱ्याच्या हक्काची सावली आहे.

९/ या सावलीत लॉस एंजेलिसकर फार लवकर गोळा झाले. १८८४ मध्ये पेरी स्विट्झर याने डोंगरात एक छावणी-विश्रामस्थान काढले. १८९३ मध्ये विल्बर स्टर्टेव्हंटने दुसरे. १९०६ मध्ये विजेची ट्राम सिएरा माद्रे या पायथ्याच्या गावी पोहोचली आणि कारकून, दुकानदार, कामगार अशांनाही डोंगर परवडू लागला. ट्रामने पायथा गाठायचा, पाठीवर शिधा आणि घोंगडी घ्यायची, रविवारी रात्री परतायचे. स्थानिक इतिहासकार या काळाला ‘गिर्यारोहणाचे महान युग’ म्हणतात.

१०/ या काळात कुणी ‘विखुरलेला मुक्काम’ असा शब्द वापरत नव्हते. त्याची गरजच नव्हती. विश्रामस्थानात पैसे देऊन उतरायचे नसेल तर ओढ्याकाठी जिथे सपाट जागा मिळेल तिथे पथारी पसरायची. पायी येणारा माणूस फार सामान आणू शकत नसे, फार दूर जाऊ शकत नसे आणि जागेला फार इजाही करू शकत नसे. रानाची राखण नियमाने कमी आणि माणसाच्या पायांनी अधिक केली.

११/ मोटारीने हा तोल मोडला. १९१६ मध्ये पोर्टलँड शहराच्या पूर्वेला, नव्या कोलंबिया नदी महामार्गालगत, वनसेवेने ईगल क्रीक येथे छावणीस्थळ उघडले. आखलेल्या जागा, बाकडी, शौचालये. वनसेवेचे हे पहिले आधुनिक छावणीस्थळ मानले जाते. ते दुर्गम अरण्यात झाले नाही, मोठ्या शहराजवळच्या मोटाररस्त्याच्या कडेला झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१२/ मोटार नेमके काय करत होती, हे कॅलिफोर्नियातल्या एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने ओळखले. लोकांच्या आवडत्या जागी झाडे मरत होती. रोग नव्हता, कीड नव्हती. झाडाच्या सावलीत गाडी लावण्यासाठी प्रत्येक जण झाडाला खेटून येई. चाकांखाली आणि पायांखाली माती घट्ट होई, मुळांना हवा-पाणी मिळेना. झाड वाळले की पाहुणे पुढच्या झाडाखाली सरकत. उजाड वर्तुळ दरवर्षी मोठे होई. मोकळीक ज्या सावलीसाठी हवी होती, ती सावलीच मोकळीक खात होती.

१३/ १९३२ मध्ये माइनेके यांनी छावणीस्थळांच्या धोरणावर एक पुस्तिका लिहिली. उपाय साधा होता. एकेरी फिरता रस्ता, त्याला प्रत्येक तंबूसाठी एक छोटा फाटा, आणि त्या फाट्याच्या बाहेर गाडी जाऊच नये म्हणून दगड-ओंडक्यांचे अडथळे. चूल ठरावीक, टेबल ठरावीक. माणसाला सूचना देऊन उपयोग होत नाही, जमिनीची रचनाच अशी करावी की तो आपोआप शिस्तीत राहील, हे त्यामागचे तत्त्व. १९३३ ते १९४२ या काळात महामंदीतल्या बेरोजगार तरुणांच्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ने अशी छावणीस्थळे देशभर उभी केली.

१४/ आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. मुक्काम आखलेल्या चौकटींत एकवटला, तेव्हा त्या चौकटींबाहेर उरलेला मुक्काम ‘विखुरलेला’ ठरला. ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे ‘आदिम’, हा त्याला लावला जाणारा शब्दही असाच कागदावरचा. १९२९ मध्ये वनसेवेने रस्ते आणि बांधकामे दूर ठेवण्यासाठी ‘आदिम क्षेत्र’ नावाचा प्रकार निर्माण केला. एंजेलिस वनात १९३२ मध्ये असे एक क्षेत्र आखले गेले. १९६८ पासून ते सॅन गॅब्रिएल अरण्यक्षेत्र म्हणून कायद्याने संरक्षित आहे. ज्याला आपण निसर्गाची मूळ अवस्था समजतो, तिचीही तारीख सांगता येते.

१५/ डोंगरातले जुने युग १९३८ मध्ये संपले. मार्चच्या महापुराने पायवाटा, पूल आणि बहुतेक विश्रामस्थाने वाहून नेली. तोवर १९२९ मध्ये सुरू झालेला एंजेलिस क्रेस्ट महामार्ग डोंगरात चढू लागला होता. तो १९५६ मध्ये पूर्ण झाला. पूर्वी दिवसभराची चाल होती तिथे आता तासाभरात गाडी पोहोचू लागली. युद्धोत्तर गर्दीला पुरे पडण्यासाठी वनसेवेने १९५७ मध्ये ‘ऑपरेशन आउटडोअर्स’ ही पाच वर्षांची योजना आणली. तिचा भर आखलेल्या छावणीस्थळांवर होता.

१६/ त्यानंतर विखुरलेल्या मुक्कामाभोवती नियमांचे कुंपण दाट होत गेले. पाण्यापासून ठरावीक अंतर राखा, आधी वापरलेल्या जागीच तंबू टाका, कोरड्या महिन्यांत शेकोटी नको. २००५ च्या नियमाने प्रत्येक राष्ट्रीय वनाला मोटारींचे मार्ग नकाशावर निश्चित करणे भाग पडले. नकाशात नसलेल्या वाटेवर गाडी नेणे हा गुन्हा झाला. माइनेके यांचा ओंडका आता कागदावर आडवा पडला होता.

१७/ शहराजवळच्या वनात सगळ्यांत मोठे भय आगीचे. २००९ च्या ‘स्टेशन’ वणव्यात एंजेलिस वनातले १ लाख ६० हजारांहून अधिक एकर रान जळाले आणि दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला. ती आग लावलेली होती, असा तपासाचा निष्कर्ष होता. सप्टेंबर २०२० मध्ये तर कॅलिफोर्नियातली सर्व १८ राष्ट्रीय वने काही काळ बंद करण्यात आली. १८९२ चे मूळ कारण, म्हणजे आगीपासून डोंगर वाचवणे, फिरून पुढे आले. मोकळीक हा पाहुणा होता, यजमान नव्हे.

१८/ आता दुसरा प्रश्न. बहुतेक राष्ट्रीय वनांत एका ठिकाणी राहण्याची मर्यादा सामान्यतः १४ दिवसांची असते. आणि परवानगीवाचून वनभूमीचा निवासासाठी वापर करणे नियमाने निषिद्ध आहे. तेराव्या दिवशीचा तंबू आणि पंधराव्या दिवशीचा तंबू यांत कापडाचा फरक नसतो. फरक असतो तो त्या माणसाला परत जायला घर आहे की नाही, याचा.

१९/ ही बाब काल्पनिक नाही. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात निर्णय दिला : सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल शहरांनी बेघरांना दंड करणे हे घटनेने निषिद्ध केलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही. शहरातून हाकलला गेलेला माणूस मग जुन्या ट्रेलरसह वनाच्या कडेला सरकतो. मे २०२५ मध्ये ओरेगनमधल्या बेंड शहराजवळच्या डेशूट्स राष्ट्रीय वनाचा मोठा भाग वणवा-प्रतिबंधक कामासाठी बंद झाला, तेव्हा तिथे दीर्घकाळ राहणाऱ्या लोकांना निघावे लागले.

२०/ वनसेवेची बाजू पोकळ नाही. महिनोन्महिने एका जागी राहिल्याने माती, ओढे आणि झाडे यांची हानी होते. कोरड्या रानात एक चूल संपूर्ण गावाला महाग पडू शकते. परंतु इतिहास पाहणाऱ्याला एक सातत्य दिसल्यावाचून राहत नाही. १७९३ ची बंदी, नाकारलेले १८ तह, १४ दिवसांची मर्यादा. कारणे वेगळी, माणसे वेगळी, पण हे रान दर वेळी जाणाऱ्याला मोकळे आणि राहणाऱ्याला बंद होत गेले.

२१/ आपल्याकडे चित्र उलट सुरू झाले, म्हणून तुलना उपयोगी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे. म्हणून सह्याद्रीत तंबू टाकणाऱ्या आपल्या पिढीला मुक्कामाचा हक्क कधी मिळाला नाही, फक्त सवय मिळाली. आणि वस्तीचा हक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने, कागदावर तरी, आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना मान्य केला. अमेरिकेने पाहुण्याला आधी ओळखले, आपण उशिरा का होईना रहिवाशाला.

२२/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या दोन कायद्यांपैकी एकाला सरसकट श्रेष्ठ म्हणवत नाही. विखुरलेला मुक्काम ही सुंदर गोष्ट आहे. महानगरातल्या साध्या माणसाला पैसे न मोजता आकाशाखाली झोपता येणे, हे लहान स्वातंत्र्य नाही. ते टिकावे. पण सोमवारी तंबू गुंडाळून जागा होती तशी करताना एवढे आठवावे : आपण मागे खूण ठेवत नाही हे आपले सौजन्य आहे, आणि आपल्या आधी तिथे राहणाऱ्यांची खूण उरली नाही, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे.

(धागा समाप्त)