झोपेच्या नोंदी आणि संगणकाचा वक्र

पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या ठाणे, डोंबिवली, कल्याणकरांची झोप पुरेशी होते का, याचे उत्तर एका रात्रीच्या नोंदीवरून देता येत नाही. त्यासाठी अनेक दिवसांच्या नोंदी घेऊन त्या विखुरलेल्या बिंदूंशी जवळीक साधणारा वक्र संगणकाद्वारे शोधला जातो. यालाच वक्रजुळणी म्हणतात.

तिचा पाया जुना आहे. बिंदू व वक्र यांतील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारी लघुतम वर्ग पद्धत लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे २४ तासांच्या जैविक लयीला १९५९ मध्ये ‘सर्कॅडियन’ हे नाव देणारे फ्रान्झ हालबर्ग यांनी पुढे कोज्या वक्र जुळविण्याची ‘कोसायनॉर’ पद्धत रूढ केली. शरीराचे तापमान पहाटे कमी, सायंकाळी जास्त असते. अशा नोंदींवरून लयीची सरासरी पातळी, चढउताराचा आवाका आणि शिखराची वेळ हे तीन आकडे मिळतात. झोपेच्या ओढीसाठी अलेक्झांडर बोर्बेली यांचे १९८२ चे प्रारूप वापरतात. त्यानुसार ही ओढ जागेपणी वाढते, झोपेत आधी वेगाने व नंतर संथपणे ओसरते.

मात्र सावधगिरी हवी. आठवडाभर अपुरी झोप आणि रविवारी उशिरापर्यंत विश्रांती असा क्रम असल्यास केवळ २४ तासांचा वक्र हा फरक झाकून टाकतो. प्राचलांची संख्या वाढविली, की वक्र नोंदींतील चुकाही गिरवू लागतो. म्हणूनच वक्र सुबक दिसला म्हणजे निदान झाले, असे नव्हे. झोपेची तक्रार असल्यास डॉक्टरांना वक्राबरोबर मूळ नोंदवहीही दाखवावी.