वाटाघाट : एका शब्दाची कुळकथा

‘वाटाघाट’ या शब्दाची फोड वाट आणि घाट अशी करून, त्यात सह्याद्री उतरून मालवण बंदराकडे येणाऱ्या बैलांच्या तांड्यांची खडतर वाटचाल पाहण्याचा मोह आम्हां कोकणवासीयांना सहज होतो. परंतु या शब्दाचे कूळ घाटरस्त्यात नसून स्वयंपाकघरात आहे, आणि वाटणे व घाटणे या दोन क्रियापदांच्या संयोगातून तो सिद्ध झाला, हीच व्युत्पत्ती मला ग्राह्य वाटते.

मालवणकडील घरात पाट्यावर ओले खोबरे, सुक्या मिरच्या आणि धणे यांचे वाटप चाललेले ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या व्युत्पत्तीचे मर्म सांगावे लागणार नाही. वरवंटा एका फेऱ्यात काम उरकीत नाही. पाण्याचा हबका मारून, कडेला सरकलेला चोथा बोटांनी पुन्हा मध्ये ओढून, ते गंधासारखे मऊ होईपर्यंत हात चालवावा लागतो. कुळथाची पिठी घाटताना तर हात क्षणभर थांबला की गुठळ्या धरतात. आणि एवढे करूनही मिरचीने मिरचीपण सोडावे, अशी वाटणारणीची अपेक्षा नसते. खोबऱ्याची गोडी आणि मिरचीचा तिखटपणा, दोन्ही शाबूत राहिले तरच बांगड्याच्या कालवणाला चव. राजकारणातल्या वाटाघाटीचेही तसेच.

राज्यकारभाराच्या जुन्या दप्तरांत बोलणी, जाबसाल, सलूख, तह हे शब्द नांदत होते, आणि ते शत्रूशी करावयाच्या व्यवहाराचे होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि पुढल्याच वर्षी तहान्वये तो करवीरकरांना परत केला. अशा तहात एकाची शिबंदी बाहेर पडते, दुसऱ्याची आत जाते. विरोधी पक्ष मात्र सरकारचा शत्रू नव्हे. तो त्याच राज्याचा, त्याच घटनेचा घटक आहे. ही कल्पना ब्रिटिश पार्लमेंटात १८२६ मध्ये हॉबहाउस यांनी ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ या शब्दप्रयोगाने प्रथम बोलून दाखविली. आपल्या लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता १९६९ मध्ये राम सुभग सिंह यांच्या रूपाने लाभला, आणि त्या पदाला कायद्याने वेतन १९७७ मध्ये मिळाले. म्हणून विरोधकांनी सरकारशी बोलणे हा शरणागतीचा तह मानणाऱ्यांनी शब्दच चुकीचा निवडला आहे, असे मला वाटते.

स्वतंत्र भारतातील या प्रथेचा पहिला मोठा प्रसंग १९५३ चा. पंडित नेहरूंनी जयप्रकाश नारायण यांना सहकार्यासाठी पाचारण केले; जयप्रकाशांनी मार्चमध्ये जमिनीचे फेरवाटप, बँका व विमा यांचे राष्ट्रीयीकरण इत्यादी चौदा कलमांचा मसुदा पुढे ठेवला; नेहरूंनी त्याने बांधून घेण्याचे नाकारले, आणि प्रकरण तेथेच मिटले. त्याच वर्षी जूनमध्ये बैतूलच्या अधिवेशनात जयप्रकाशांच्या प्रजासमाजवादी पक्षात या प्रश्नावरून तीव्र मतभेद उघड झाले. अशोक मेहता सहमतीची क्षेत्रे शोधावीत असे म्हणत होते, तर लोहियांना काँग्रेसपासून पूर्ण अंतर हवे होते. दहा वर्षांनी मेहतांनी नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद पत्करले, पक्षाने त्यांना दूर केले, आणि ते पुढे काँग्रेसमध्ये गेले. लोहियांची धास्ती निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दोष बोलण्याचा नव्हे. जयप्रकाशांनी कलमे हाती धरली होती आणि ती नाकारली जाताच ते उठले; जेथे कलमांच्या जागी पद येते, तेथे मिरची खोबऱ्यातच विरघळते.

याहून उजळ उदाहरण आमच्याच मातीतले आहे. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून, काँग्रेसच्या ऐन भरात, विरोधी बाकांवर निवडून गेले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात, अकरांपैकी सहा न्यायमूर्तींच्या मताने, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येत नाही असा निर्णय दिला. त्यावर एप्रिलमध्येच नाथ पैंनी संसदेचा दुरुस्तीचा अधिकार पूर्ववत करणारे खासगी विधेयक मांडले. ते सरकारलाही हवे होते. सरकारने त्याला पाठिंबा दिला आणि ते संयुक्त समितीकडे गेले. विरोधी बाकांवरूनच त्यावर कडाडून टीका झाली : असा अधिकार उद्या बेफाम सत्तेच्या हाती पडला तर? हा आक्षेप वजनदार होता, आणि पुढच्या दशकाने त्याचे वजन वाढविलेच. तरीही, ज्या प्रश्नावर आपले मत सरकारच्या मताशी जुळते तेथे केवळ बाक वेगळे म्हणून ते गिळून टाकणे नाथ पैंनी नाकारले. विधेयक त्यांचे होते, कारणे त्यांची होती, वाद भर सभागृहात झाला, आणि ते अखेरपर्यंत विरोधी बाकांवरच राहिले.

विरोधकांनी सत्ताधाऱ्यांशी अवश्य बोलावे. मात्र कलमे अगोदर जाहीर करावीत, झालेले बोलणे मतदारांस सांगावे, आणि उठताना हाती पद नसावे. हा दंडक मी नाथ पैंच्या आचरणावरून घेतला आहे.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक मंजुरीवाचून गतप्राण झाले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि त्यांनी मागितलेला अधिकार संसदेला परत मिळाला.