कॅन्सल, इग्नोर की सस्पेंड?

आज प्रोग्राम अडला की मुलं जागोजागी प्रिंट घुसवतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवतात. नव्वदच्या दशकात गोंदियाच्या राइस मिलमध्ये ही चैन परवडत नव्हती. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. जाणकार गाठायचा तर नागपूर, रेल्वेनं साधारण १३० किलोमीटर. इकडे दारात धानाचा ट्रक, शेजारी मुनीमजी उभे, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मी भरडाईच्या हिशोबाचे प्रोग्राम लिहायचो. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कनकी आणि कोंडा किती, बारदाना किती परत गेला.

त्या काळी तारून न्यायचं ते डीबेस. वेन रॅटलिफनं लिहिलेला हा प्रोग्राम १९८० च्या सुमारास अ‍ॅश्टन-टेटनं बाजारात आणला, आणि डीबेस थ्री प्लस १९८५ मध्ये आला. चूक झाली की तो पडद्यावर विचारायचा : कॅन्सल, इग्नोर की सस्पेंड? ‘एस’ दाबलं की प्रोग्राम मरायचा नाही, जिथल्या तिथे थांबायचा. डॉट प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची टिंबवाली ओळ, समोर यायचा आणि व्हेरिएबल जसेच्या तसे शाबूत असायचे.

एकदा उताऱ्याचा गुणाकारच होईना. मी ‘डिस्प्ले मेमरी’ दिलं. यादी सरकत आली : नाव, प्रकार, किंमत, कोणत्या प्रोग्राममधलं. उतारा या नावापुढे ‘एन’ हवा होता, तिथे ‘सी’. म्हणजे ६७ हा आकडा नव्हता, दोन अक्षरं होती. तिथल्या तिथे तोच गुणाकार उताऱ्याला ‘व्हॅल’ लावून करून पाहिला, उत्तर बरोबर आलं. मुनीमजी म्हणाले, “सापडलं ना साहेब? मग गाडी सोडू?”

थांबलेल्या प्रोग्राममध्ये डोकावण्याची ही युक्ती मुळात डीबेसची नव्हे. एमआयटीत १९६० च्या आसपास टीएक्स-० आणि पीडीपी-१ यंत्रांवर थांबलेल्या प्रोग्रामची मेमरी टंकयंत्रावरून बघता-बदलता यायची. लिस्पवाल्यांना तर थांबल्या जागी अख्खी एक्स्प्रेशन चालवता यायची. डीबेसनं तीच सोय व्यापाऱ्याच्या टेबलावर आणली, हे त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

मग डीबेसचे प्रोग्राम कंपाइल करणारा क्लिपर आला. त्याच्या ईएक्सई फायली भराभर चालायच्या, मिलवाल्यांना तेच हवं होतं. १९९० च्या क्लिपर ५.० नं लोकल व्हेरिएबल दिले. माझ्या मते ते उत्तमच झालं, कारण डीबेसमध्ये वरच्या प्रोग्रामचं व्हेरिएबल खालचा गुपचूप बदलून टाकायचा. पण लोकलचं नाव कंपाइल होताना पुसलं जायचं, उरायचा फक्त क्रमांक. म्हणून मॅक्रो, म्हणजे मजकूर देऊन चालवायचा कोड, लोकलला ओळखायचाच नाही. डीबगरमध्ये नावं दिसायला हवी असतील तर ‘बी’ स्विच लावून वेगळं कंपाइल करावं लागे. गिऱ्हाइकाकडची फाईल अर्थातच त्याशिवायची असायची!

वेग हवा की डोकावण्याची सोय, हेच भांडण पुढे पायथॉननं उकरलं. फंक्शनमधले लोकल वेगासाठी ठरलेल्या खणांत ठेवतात. ‘लोकल्स’ मागितलं की डिक्शनरी मिळते, पण फंक्शनमध्ये तिच्यात लिहिलेलं खणात उतरेलच असं नाही. २०१८ च्या ३.७ मध्ये ‘ब्रेकपॉइंट’ असं एका शब्दात थांबता येऊ लागलं, तरी डीबगरमध्ये बदललेली किंमत कधी कधी हरवायचीच. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये पेप ६६७ हा सुधारणेचा प्रस्ताव अमलात आला. आता थांबलेल्या फ्रेमच्या ‘एफ लोकल्स’मध्ये लिहिलेलं थेट खऱ्या व्हेरिएबलला लागतं. डॉट प्रॉम्प्टवर बसलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. मात्र वेग आणि लोकल हातचे न घालवता ही सोय परत मिळवणं सोपं नव्हतं, आणि ते काम डीबेसला कधी करावंच लागलं नाही.