काटोलचा उल्कापाषाण व त्याचें अंतःप्रमाण

जुना कागद हातीं आला असतां, तो पिवळा आहे एवढ्यावरून शोधक त्यास शिवकालीन म्हणत नाहीं. अक्षराचें वळण, शिक्का व मजकूर यांची साक्ष घेतो. आकाशांतून पडला म्हणून संग्राहकापुढें येणाऱ्या पाषाणासही हाच न्याय लागू आहे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच भेद सांगितले. परंतु ते पडतांना दिसणाऱ्या रूपावरून केलेले आहेत, पडलेल्या द्रव्यावरून नव्हेत. इ. स. १६२१ मध्यें जालंधर परगण्यांत पडलेल्या लोहाची नोंद जहांगीर बादशहानें आत्मचरित्रांत केली आहे. तें १६० तोळे भरलें. घणाखालीं तें फुटूं लागलें, म्हणून त्याच्या तीन भागांत साधें लोखंड एक भाग मिसळून तरवारी घडविल्या. येथें द्रव्याची परीक्षा झाली, पण ती ऐरणीवर.

खनिजांची साक्ष कशी घ्यावी याचें उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यांतील काटोल हें होय. तेथें २२ मे २०१२ रोजीं दुपारीं उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. अशा पाषाणाचा सुमारें ०·०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर बसवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. काटोलच्या पाषाणांत ऑलिव्हिन, पायरॉक्सिन व प्लेजिओक्लेज यांच्या दाटींत निकेलमिश्रित लोहाचे कण आणि ट्रॉयलाइट हें लोह-गंधकाचें खनिज आहे. मूळचे गोल कण उष्णतेनें पुन्हा स्फटिकरूप होऊन पुसट झाले, म्हणून त्याचा वर्ग ‘एल ६’. ‘एल’ हें अक्षर लोहाच्या अल्पतेचें द्योतक होय. पुढें २०२१ सालीं खरगपूरच्या आय. आय. टी.मधील सुजॉय घोष व त्यांचे सहकारी यांनीं त्यांत ब्रिजमनाइट असल्याचें प्रसिद्ध केलें. पृथ्वीच्या पोटांत हें खनिज सुमारें ६६० किलोमीटरांखालीं असतें; येथें तें अंतराळांतील टकरीच्या क्षणिक दाबानें घडलें. ती टक्कर पाषाणानें स्वतःच लिहून ठेविली आहे.

आमच्या वळसंगच्या शिवारांतील काळ्या पाषाणांतही पायरॉक्सिन व प्लेजिओक्लेज असतात, आणि मॅग्नेटाइटमुळें त्याजवळ चुंबकाची सुईही हलते. म्हणून रंग, वजन वा चुंबक यांवरून निर्णय देऊं नये. बहुतेक उल्कापाषाणांत असणारा निकेलयुक्त लोहकण शोधावा. दगड धुऊं वा उगाळूं नये. जागा, दिवस व पाहणारांची जबानी तात्काळ लिहून ठेवावी. खनिजें त्याचा जन्म सांगतील. परंतु तो कोणत्या शिवारांत, कोणत्या दिवशीं उतरला हें सांगणारा कागद हरवला, तर त्याची भरपाई कोणताही सूक्ष्मदर्शक करूं शकणार नाहीं.