निनादाचे गणित : सॅबाइनच्या ध्वनिसंशोधनाचा पुनर्विचार

वास्तूतील ध्वनीचा विचार शास्त्राच्या कक्षेत फार उशिरा आला. रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस याने नाट्यगृहातील आवाजाची चर्चा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात केली होती. तथापि त्यानंतरची सुमारे एकोणीस शतके ही विद्या कारागिरांच्या ठोकताळ्यांवरच उभी होती. कोणता पदार्थ किती ध्वनी शोषतो, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमंट सॅबाइन (१८६८-१९१९) याच्याकडे जाते. मात्र या श्रेयाचे प्रचलित वर्णन काहीसे सुलभ झाले आहे. सॅबाइनला सूत्र सापडले, त्या सूत्राबरहुकूम बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले आणि ते निर्दोष ठरले, एवढाच त्या वर्णनाचा आशय असतो. प्रत्यक्ष इतिहास इतका सरळ नाही.

१८९५ मध्ये हार्वर्डचे फॉग कलासंग्रहालय खुले झाले. त्यातील व्याख्यानगृह वापरण्यास निरुपयोगी ठरले. उच्चारलेला शब्द तेथे साडेपाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळे. तेवढ्या अवधीत वक्त्याचे पुढील अनेक शब्द बाहेर पडत आणि सर्वांचा मिळून कल्लोळ होई. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हा दोष दूर करण्याचे काम तरुण सॅबाइनकडे सोपविले. त्याची साधने साधीच होती : सेकंदाला ५१२ कंपने देणारी ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि स्वतःचा कान. नळी बंद केल्यापासून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ तो मोजी. रस्त्यावरील गजबज टाळण्यासाठी प्रयोग रात्री चालत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्या थोड्याथोड्या वाढवीत गेल्यावर निनादाचा काळ क्रमाने घटत गेला. सर्व गाद्या पसरल्यावर तो १.१४ सेकंदांवर आला. निरीक्षकाच्या अंगावरील कपडेही ध्वनी शोषतात, हे ध्यानात आल्यावर सॅबाइनने आधीची निरीक्षणे बाद केली आणि पुढे प्रत्येक प्रयोगाच्या वेळी तोच पोशाख घालण्याचा नियम पाळला. शास्त्रीय काटेकोरपणाचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

या आकड्यांतील संबंध १८९८ च्या शरद ऋतूत त्याच्या लक्षात आला. शोषण आणि निनादकाल यांचा आलेख आयताकार अपास्त होता. म्हणजे दोहोंचा गुणाकार स्थिर राही. हा स्थिरांक दालनाच्या घनफळाच्या प्रमाणात असतो, हेही त्याने दाखविले. शोषणाचे एकक म्हणून त्याने एक चौरस मीटर उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यावर पडलेला ध्वनी खोलीत परत येत नाही. या मापाने विटांच्या भिंतीचा शोषणगुणांक ०.०२५, लाकडी पट्ट्यांवरील गिलाव्याचा ०.०३४, पाइनच्या तक्तपोशीचा ०.०६१, तर दाटीने बसलेल्या श्रोतृसमुदायाचा ०.९६ भरला. दालनातील सर्वांत प्रभावी शोषक पदार्थ भिंतीवर नसून आसनांवर बसलेला असतो, हा या कोष्टकाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

याच सुमारास बोस्टनच्या नव्या संगीतगृहाचा आराखडा वास्तुशिल्पी मॅकिम याच्याकडे तयार होत होता. लाइपझिगचे गेवांडहाउस हा त्याचा आदर्श. पण बोस्टनला सुमारे २६०० आसने हवी होती. गेवांडहाउस त्याच प्रमाणात मोठे केले, तर निनाद सुमारे ३ सेकंदांवर जाईल, असा इशारा सॅबाइनने दिला आणि लांब, निमुळत्या आयताकृती सभागृहाचा पुरस्कार केला. त्याच्या गणिताप्रमाणे गेवांडहाउसचा निनादकाल २.३० आणि नव्या गृहाचा २.३१ सेकंद होता. १५ ऑक्टोबर १९०० रोजी ते गृह खुले झाले.

पुढे प्रत्यक्ष मापनात मात्र श्रोत्यांनी भरलेल्या सिंफनी हॉलचा निनादकाल २ सेकंदांहूनही कमी आढळला. या तफावतीचा उलगडा लिओ बेरानेक याने १९६० मध्ये केला. सॅबाइनने श्रोत्यांचे शोषण माणसे मोजून धरले होते. वस्तुतः ते श्रोत्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. आसने ऐसपैस असली की तितक्याच माणसांचे शोषण वाढते. मग आकडा चुकूनही सल्ला योग्य कसा ठरला? सॅबाइनने निरपेक्ष भाकितावर भिस्त न ठेवता ज्ञात गृहांशी तुलना केली, हे त्याचे उत्तर होय. एकच दोष तुलनेच्या दोन्ही बाजूंना असल्याने तो बराचसा परस्परांत जिरला. सूत्राच्याही मर्यादा होत्याच : पृष्ठभाग पूर्ण शोषक मानले, तरी ते शून्य निनाद देत नाही. ही उणीव एअरिंगने १९३० मध्ये दूर केली.

दुसरा गोंधळ शोषण आणि निरोध यांतील आहे. मऊ, सच्छिद्र पदार्थांच्या रंध्रांत कंप पावणारी हवा घर्षणाने आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. म्हणून खोलीतील निनाद घटतो. परंतु शेजारच्या खोलीत जाणारा आवाज अडविण्यास नमदा पुरेसा नाही. तेथे भिंतीचे वजन लागते. विटांची भिंत जवळजवळ काहीच शोषत नाही, ध्वनी परत फेकते, आणि म्हणूनच तो पलीकडे जाऊ देत नाही. सॅबाइनने निवडलेले एककच याची साक्ष देते : उघडी खिडकी पूर्ण शोषक आहे, पण ती काहीही अडवीत नाही. १९१५ मध्ये त्याने ध्वनिनिरोधनावर स्वतंत्र निबंध लिहिला, तो हा प्रश्न निराळा आहे हे ओळखूनच. निरोध वजनाबरोबर वाढतो, हे म्युनिकमध्ये बर्गरने १९११ मध्येच प्रयोगांनी दाखविले होते; वजन दुप्पट केल्यास तत्त्वतः सुमारे ६ डेसिबेलांचा लाभ होतो.

फॉगच्या त्या व्याख्यानगृहाच्या भिंतींवर केसांचा नमदा बसविल्यावर ते कामापुरते सुधारले. उत्तम कधीच झाले नाही. पुढे हंट हॉल या नावाने ओळखली जाणारी ती इमारत १९७३ मध्ये पाडण्यात आली. ध्वनिशास्त्राचा जन्म अशा सदोष वास्तूत झाला, आणि तिच्यातील मापनपद्धती आपल्या पहिल्या आकड्यांच्या चुका पचवून टिकली. सॅबाइनचे खरे ऋण सूत्राचे नव्हे, त्या पद्धतीचे मानले पाहिजे.