पेटीचा मान आणि रामभाऊ विजापुरे

व्यासपीठावर एकच वाद्य, एकच वादक आणि समोर तल्लीन झालेला श्रोतृवर्ग, हे दृश्य युरोपात पियानोने रूढ केले. १८४० साली फ्रान्झ लिस्टने लंडनमध्ये एकट्याच्या वादनाच्या सभा केल्या. पुढे दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, पॅरिसच्या दबँ नामक कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पियानोत तारेवर हातोडी पडते. हार्मोनियममध्ये भात्यातील हवा पितळेच्या पातळ जिभेला कंप देते. पट्ट्यांची रचना मात्र दोहोंची सारखीच.

हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्यास मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे हातभात्याचे रूप दिले. चर्चमधील उपासनेत, नाटकमंडळीत, कीर्तनात त्याने आपली जागा मिळविली. बेळगावनजीकच्या कडोलीसारख्या मराठी गावांतही भजनात टाळ-मृदंगाच्या शेजारी पेटी येऊन बसली. तथापि पियानोला जो स्वतंत्र वादनाचा मान होता, तो तिला सहजासहजी मिळाला नाही. कोल्हापूरकडील गोविंदराव टेंबे यांनी तो मिळवून देण्याचा मोठा प्रयत्न केला. पण एकंदरीत पेटीने गवयाच्या मागे बसावे, हाच रिवाज राहिला.

अशा काळात, ७ जानेवारी १९१७ रोजी, आजच्या बेळगाव जिल्ह्यातील कागवाड येथे रामभाऊ विजापुरे यांचा जन्म झाला. अण्णिगेरी मल्लय्या यांच्याकडे त्यांनी गायनाचे प्राथमिक धडे घेतले. पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. पेटीचे शिक्षण त्यांनी गोविंदराव गायकवाड, हनुमंतराव वाळवेकर आदी वादकांकडे घेतले. गळ्याची आणि बोटांची अशी दुहेरी तयारी करून त्यांनी १९३८ साली बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय स्थापन केले.

या गोष्टीला दोन वर्षेही झाली नाहीत तोच, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बाद केले. रवींद्रनाथ ठाकूरही या वाद्याच्या विरोधात होते. आक्षेप निराधार नव्हता. पेटीचे बारा स्वर कारखान्यातच ठरून येतात. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड पट्टीवर निघत नाही. एकाच नावाचा स्वर निरनिराळ्या रागांत किंचित चढा वा उतरता लागतो, तो भेदही तिला दाखविता येत नाही. परंतु त्या काळी रेडिओवर नाव येणे म्हणजे कलावंताला दूरदूरच्या घरांत प्रवेश मिळणे होय. १९५० साली धारवाडचे केंद्र सुरू झाले, बेळगावच्या घराघरांत त्याचे सूर पोहोचू लागले, आणि पेटीवाल्यास मात्र त्याच केंद्रात आपले वाद्य घेऊन बसण्याची मुभा नव्हती.

अशा वेळी वाद्य बदलावे की व्यवसाय बदलावा? रामभाऊंनी यांपैकी काहीच केले नाही. पेटीतील उणीव मुळातच असल्यामुळे तिला उत्तर वादविवादाने नव्हे, वादनानेच द्यावयाचे होते. त्या उत्तराचे रहस्य उजव्या हाताइतकेच डाव्या हातात असते. भात्याचा दाब कमीअधिक केला की स्वर उमलतो वा मिटतो. मुख्य स्वरास शेजारच्या स्वराचा ओझरता कण लावला की तुटक पट्ट्यांत सलगता भासते. हा भास केव्हा आणि किती निर्माण करावयाचा, हे ज्याने राग गळ्यातून घोटला आहे त्यासच उमगते. रामभाऊंनी गायनाची तालीम घेतली होती, तिचे मोल येथे कळते.

मैफलींनी रेडिओचा निर्णय मानला नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा थोर गायकांना रामभाऊंनी साथ केली. कानडी आणि मराठी मुलखांच्या शिवेवरील या गावात स्वरांना दुभाष्याची गरज पडली नाही. साथीबरोबरच त्यांनी स्वतंत्र वादनही केले, आणि सुधांशु कुलकर्णी, रवींद्र काटोटी यांच्यासारखे शिष्य घडवून ती परंपरा पुढे नेली.

१९७१ साली रेडिओची बंदी अंशतः उठली. साथीस पेटी आली. स्वतंत्र वादनास मात्र पुढेही दीर्घकाळ दार बंदच राहिले. १९ नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, रामभाऊंचे बेळगावात निधन झाले.

वाद्याची योग्यता नियमाने ठरविता येते काय, हा प्रश्न १९४० साली विचारला गेला होता. त्याचे उत्तर देण्यास बेळगावच्या एका शिक्षकाने आपले सारे आयुष्य वेचले. बारा स्वर पेटीत तेवढेच राहिले. वाढले ते त्यांतून काय ऐकू येऊ शकते याचे आपले ज्ञान.